मदत हवी आहे: ट्रेडिंगसाठी पुढचं गणित शिकावं का?

नमस्कार मंडळी,

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. कोल्हापुरात अकरावी-बारावीचे क्लास घेतो आणि तीन वर्षांपासून निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काच्या करारांत) ट्रेडिंग करतो. या नादाला लागलो तो ऑप्शनची किंमत काढणाऱ्या ब्लॅक-शोल्सच्या समीकरणामुळे. १९७३ सालचं हे समीकरण, पण चलं बदलली की थेट उष्णतावहनाचं समीकरण हातात येतं, आणि ते तर मी कॉलेजात कितीदा सोडवलेलं. पुढे वाचलं की बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० साली, म्हणजे आइन्स्टाइनच्या पाच वर्षं आधी, बाजारभावांना ब्राउनियन गतीचंच (द्रवातल्या कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीचं) गणित लावलं होतं. वाटलं, ही तर आपलीच भाषा!

मग ४ जून २०२४ उजाडला. लोकसभा निकालाचा दिवस. मागच्या वर्षभराच्या चढउतारांवरून मी प्रमाण विचलन (भाव सरासरीपासून साधारण किती हलतो याचं माप) काढलं होतं आणि त्या भरवशावर दोन्ही बाजूंचे (भाव चढण्याचे आणि पडण्याचे) ऑप्शन्स विकून बसलो होतो. निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला. माझ्या नॉर्मल वक्रात (घंटेच्या आकाराच्या आलेखात) असा दिवस आयुष्यात यायलाच नको होता. वर्षभराची कमाई दुपारपर्यंत गेली. नंतर कळलं की मांडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६३ मध्येच कापसाच्या भावांवरून दाखवून दिलं होतं, भावांच्या मोठ्या उड्या नॉर्मल वक्र सांगतो त्यापेक्षा फार जास्त वेळा येतात. गणित चुकलं नव्हतं, मी धरलेलं गृहीतक चुकलं होतं. हे मला अजून बोचतं.

आता खरा गोंधळ. जिम सायमन्स हे भूमितीतले मोठे गणिती, त्यांनी बाजारातून अफाट पैसा कमावला. पण त्यांच्याकडे वाणी-ओळखीवर काम केलेली माणसंही होती, म्हणजे भर होता तो माहितीतले बारीक कल शोधण्यावर. उलट मर्टन आणि (ब्लॅक-शोल्समधले) शोल्स या अर्थशास्त्रज्ञांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते ज्यात भागीदार होते तो फंड पुढच्याच वर्षी कोसळला. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. प्रॉप डेस्क (स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या) आणि परदेशी फंडांचा नफा मात्र बहुतेक सगळा अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांमधून, आलेला. गणित त्यांच्या उपयोगी पडतंय हे दिसतंच. पण वेग, स्वस्त व्यवहार आणि भांडवल त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे एक लॅपटॉप. बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीत) दिसलेला नफा ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर) आणि स्लिपेज (अपेक्षित आणि मिळालेल्या भावातला फरक) धरलं की उरत नाही.

मुंबईत एखाद्या डेस्कवर काम करणारं इथे कुणी असेल तर कृपया सांगा, रोजच्या कामात नक्की कोणतं गणित लागतं? क्लास सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचं नाही, हे बायकोला कबूल केलंय. पण अशा नोकरीची तयारी करायला मी तयार आहे. वय ३१ आहे, उशीर झालाय का?

मे महिन्यात क्लास बंद असतात. तेव्हा इटो कॅल्क्युलस (यादृच्छिक गतीचं कलनशास्त्र) हाती घेऊ, की टाइम सिरीज (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा?