"कमरेला ढोल बांधला की सगळे सारखे" म्हणे!

ताशाची_काडी
दोन दिवस झाले तो मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोय. "पथकात ना जात ना धर्म ना मुलगा-मुलगी, कमरेला ढोल बांधला की सगळे सारखे, तुमची समावेशकतेची फॅडं इथे आणू नका." खाली बदामांचा पाऊस. गप्प बसणार होते पण आज माझ्याच जुन्या पथकातल्या एकाने तो स्टेटसला ठेवला आणि डोकं सटकलं.

गणपतीचे सहा सीझन वाजवलंय मी, पुण्यात पेठेतल्या ढोल-ताशा पथकात, नाव घेत नाही. पहिल्या वर्षी झांज. दुसऱ्या वर्षी ध्वज, कारण उंची बरी आहे आणि "फोटोत छान दिसतं". तिसऱ्या वर्षी भांडून ढोल. ताशा कधीच नाही. मागितला की ठरलेलं उत्तर, "अगं ताशा म्हणजे जबाबदारी असते, आधी ढोलावर पक्की हो." माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला मुलगा, ज्याची तिसऱ्या हातावरून (हात म्हणजे ठरलेला ठेका) चौथ्यावर जाताना दरवेळी गडबड व्हायची, तो पुढच्या सीझनला ताशावर! हात कधी बदलायचा, कुठे थांबायचं हे ताशेवाला ठरवतो, अख्खं पथक त्याच्या काडीकडे बघत असतं. तिथे मुली किती ते मोजा आणि मग सारखे सारखे करा.

आणि विसर्जनाचा दिवस. तासन्‌तास लक्ष्मी रोडवर. मुलं गल्लीत जाऊन येतात. आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. एका वर्षी एका अनोळखी काकूंनी माझा चेहरा बघून हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं, ढोल खाली जिन्यात, बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी घामाने सुटलेली, बाहेर आले तर हातात चहाचा कप दिला. सहा वर्षांत माझी सोय कोणी बघितली असेल तर ती त्यांनी. पथकाने नाही.

माजी_पथकप्रमुख
ताई, सोळा वर्षं पथक चालवलंय म्हणून बोलतो. ज्ञान प्रबोधिनी शाळेच्या मुलींचं बरची पथक, ढोलाच्या तालावर नाचणारं, मी शाळेत असताना रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलंय, मुली कालपरवा आल्यात असं नाही. मुलींना कोण अडवतं? दहाला सराव बंद झाला की एकेकीला घरापर्यंत सोडायचो, मागे दोन गाड्या, पेट्रोल माझ्या खिशातून. एकदा एकीच्या वडिलांनी माझ्याच बिल्डिंगखाली माझी कॉलर धरली, का तर पोरीला सव्वादहा वाजले. हे कोणी लिहीत नाही. ताशाला तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नको, मुली लग्न ठरलं की जातात. कोणावर मेहनत घ्यायची याचा विचार करावाच लागतो.

ताशाची_काडी
माझ्या बॅचचे चार ताशेवाले आज बंगलोर, हैदराबाद, डब्लिन आणि परत बंगलोर. त्यांना ताशा देताना विचारलं होतं का, बाबा रे, नोकरी कुठे लागेल?

शनिवारात_झोप_नाही
मुलगा वाजवतो की मुलगी, माझ्या कानाला सारखंच आहे. २०२४ ला हरित लवादाने एका पथकात तीसच जण असं म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरात त्याला स्थगिती दिली, म्हणे ढोल-ताशा पुण्याचं हृदय आहे. आमच्या आईच्या हृदयाचं काय ते आम्हालाच माहीत, तिला दहा दिवस बहिणीकडे नेऊन ठेवतो.

ताशाची_काडी
काका, तीसच न्यायचे म्हटल्यावर पहिलं कोणाला गाळलं असतं? झांज आणि ध्वज. म्हणजे कोणाला?

माळ्यावरची_हलगी
ताशा कोणाला मिळाला यावर तुमचं चाललंय, चालू द्या. माझे आजोबा हलगी वाजवायचे. लग्न, जत्रा, मयत, काहीही. वाजवून झालं की पैसे हातात द्यायचे नाहीत, वरून टाकायचे. वडिलांनी हलगी माळ्यावर टाकली आणि सांगितलं, हात लावायचा नाही, शिकायचं. मी शिकायला पुण्यात आलो तर इथे इंजिनियरिंगची पोरं पांढरे कुर्ते घालून वाजवतायत आणि लोक त्याला संस्कृती म्हणतायत. आमच्या घरात ते वाजवणं म्हणजे हलकं काम होतं बरं का. तरी मला आवडलं, खोटं कशाला बोलू. नदीपात्रातल्या सरावाचा आवाज ऐकून पथकात नाव द्यायला गेलो. पहिल्याच दिवशी एकाने आडनाव विचारलं आणि म्हणाला, "अरे वा, मग तुझ्या रक्तातच आहे!" त्याने कौतुकच केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.

माजी_पथकप्रमुख
आता कौतुक केलं तरी चूक? माणसाने तोंडच उघडायचं नाही का? प्रत्येक गोष्टीत जात शोधली की सापडतेच.

माळ्यावरची_हलगी
मी शोधली नाही. आडनाव त्याने विचारलं.

मुळशीचा_ढोल
मूळ विषय बाजूला राहू द्या, आधी हे सांगा की ढोल पुण्याचा कधी झाला?? मुळशी-मावळात गावोगाव ढोल-लेझीम आहे, आमची म्हातारी माणसं ढोल घेऊन अशी गिरकी घ्यायची की आत्ताच्या पोरांची कंबर जाईल. शहराने ते उचललं, फेटा घातला, गॉगल लावला, रील काढलं. आता आमच्या गावातलं मंडळ पण सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, शहरातल्या पथकाला देतं. आमचा एक चुलता आहे, साठी ओलांडलेला, त्याला ऑडिशनला या म्हणाले. ऑडिशन! ज्याने गाव नाचवलं त्याला. आणि वरून वयाची अट. समावेशन समावेशन करताय तर आमच्या म्हाताऱ्यांना घ्या की.

माजी_पथकप्रमुख
मुळशीकर, ढोल तुमचा, मान्य. ताशा पण तुमचा का?

मुळशीचा_ढोल
ताशाचं नंतर बोलू. आधी सुपारीचं बोला. गावाला किती मिळायचे आणि तुमचं पथक किती घेतं, आकडा टाका इथे.

माजी_पथकप्रमुख
ढोलाची पानं, टेम्पो, वडापाव, औषधपाणी, सगळं त्यातूनच जातं. उरलेलं सामाजिक कामाला. हिशोब पथकातल्या पोरांना देतो, तुम्हाला का देऊ?

न्यूजर्सीकर
मुलगी इथे हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर वाजवते म्हणून दोन शब्द. त्यापुढची पायरी म्हणजे ड्रम कोअर, शाळेबाहेरचे मोठे मार्चिंग ग्रुप, १९७२ पासून त्यांची मोठी स्पर्धा आहे, वयाची अट कडक, बाविशीत पोरं बाहेर. तिथेही मॅडिसन स्काउट्ससारखा नावाजलेला ग्रुप २०१९ पर्यंत फक्त मुलांचा होता. मग सगळ्यांना घ्यायचं ठरवलं. जुन्या लोकांनी परंपरा बुडाली म्हणून गळे काढले. तुमचा धागा वाचताना तेच आठवत होतं.

शनिवारात_झोप_नाही
आणि फी किती हो त्या समावेशक ग्रुपांची?

न्यूजर्सीकर
एका उन्हाळ्याचे काही हजार डॉलर. हो, ते आहे. ज्याच्या बापाला परवडतं तोच जातो. मुलीला अजून सांगितलेलं नाही की आपल्याला परवडणार नाही.

माजी_पथकप्रमुख
बघा! आमच्याकडे रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच ढोलाची दोरी ओढायचे. आणि धर्माचं म्हणाल तर गुरुजी तालीम, मानाचा तिसरा गणपती, त्याची सुरुवातच १८८७ साली हिंदू-मुसलमान दोस्तांनी मिळून केली. पुण्याला हे शिकवू नका.

माळ्यावरची_हलगी
१८८७ चं सांगितलंत, छान वाटलं. तुमच्या सोळा वर्षांतलं सांगा.

माजी_पथकप्रमुख
एक होता. ताशावरच होता, आणि काय वाजवायचा! तीन सीझन. एका वर्षी ग्रुपवर कोणीतरी कसला तरी मेसेज टाकला, त्यानंतर यायचा बंद झाला. मी फोन केला नाही. सीझनची गडबड होती. करायला हवा होता, झालं समाधान?

ताशाची_काडी
आणि २०२४ ला पुण्यात तृतीयपंथीयांना स्वतःचं शिखंडी पथक काढावं लागलं ते? सगळे सारखे होते तर वेगळं कशाला काढलं?

माजी_पथकप्रमुख
काढलं तर चांगलंच झालं की, वाजवतायत, लोक टाळ्या वाजवतायत. तुम्हाला सगळ्यातच अन्याय दिसतो.

ताशाची_काडी
टाळ्या रस्त्यावरचे लोक वाजवतायत. पथकांनी दार उघडलं असतं तर त्यांना ढोल विकत घ्यायला वणवण करावी लागली नसती, एवढंच म्हणतेय मी. आणि तुमच्यासारखे लोक वाईट नाहीत हेच तर अवघड आहे हो. घरी सोडायला दोन गाड्या मागे यायच्या हे मीही अनुभवलंय, आजही त्या मुलांना भाऊ म्हणते. पण त्याच मुलांना विचारलं की ताशा का नाही, तर खाली बघायचे.

मुळशीचा_ढोल
आकडा अजून आला नाही.

माळ्यावरची_हलगी
मुळशीकर, तुमचा चुलता शिकवत असेल तर मला सांगा. आडनाव विचारणार असेल तर आधीच सांगा.

मुळशीचा_ढोल
तो बहिरा झालाय आता, काहीच विचारत नाही. रविवारी या.

माजी_पथकप्रमुख
ए काडी, भाच्याचं पथक आहे, जुलैत सराव चालू होईल. ये, ताशा देतो हातात. पण सांगून ठेवतो, पहिल्याच दिवशी सगळ्या ढोलांसमोर उभी करीन, चुकलीस तर मुलगी म्हणून सांभाळून घेणार नाही.

ताशाची_काडी
सांभाळून घेऊच नका. काड्या माझ्या मी आणीन. नदीपात्रात टॉयलेटची काय सोय आहे ते आधी सांगा.

माजी_पथकप्रमुख
विचारून सांगतो.