बेटावरचं लग्न : बाली, अंदमान की आणखी कुठं? बेळगाव-निपाणीकडच्यांनी सल्ला द्या

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत माझं लग्न आहे. मी बेळगावातल्या शहापूरची, मुलगा निपाणीचा, दोघंही नोकरीला बेंगळुरात. आम्हाला बेटावर, पाण्याकाठी, मोजक्या माणसांत अक्षता टाकून घ्यायच्या आहेत. मोजकी म्हणजे सध्या पंचावन्न, आणि सासऱ्यांची यादी अजून बंद झालेली नाही. बजेट सगळं मिळून वीस लाख. त्यातच निपाणीतलं जेवण बसवायचंय, कारण सासरे म्हणतात गल्लीला जेवण घातल्याशिवाय लग्न झालं असं कोण म्हणणार.

अडचणी अशा. आजी ७९ वर्षांची, गुडघे गेलेत, पण ती आली नाही तर मी बोहल्यावर चढणार नाही. भटजी आमचेच न्यायचेत. आणि आईचं म्हणणं, हळद लागलेल्या पोरीनं गावाची शीव ओलांडू नये, तू तर समुद्र ओलांडायला निघालीस. मनात बाली, मालदीव आणि अंदमान आहे. पॅकेजवाल्यांचे नंबर देऊ नका, त्यांचे फोन रोज येतात.

चोर्ला_रायडर
पंचावन्नांपैकी पासपोर्ट किती जणांकडे?

शहापूरची_लेक
निम्म्यांकडेही नाही. आजीकडे तर रेशन कार्ड आणि आधार, एवढंच.

चोर्ला_रायडर
मग परदेश खोडा की. अर्ज, पोलीस चौकशी, जुन्या कागदांवरच्या नावातला फरक... लग्नाच्या गडबडीत हे कोण करत बसणार.

पिनकोड_५९०००६
रायडर म्हणतो ते बरोबर, पण पासपोर्टचा प्रश्न सुटला तरी फेब्रुवारी हा महिनाच आडवा येतो. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो. आपल्याकडं तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच तिकडं पाऊस. बाली करायचंच असेल तर एप्रिल-मे धरा, आणि मार्चमध्ये न्येपीचा दिवस टाळा. ते त्यांचं शक वर्षाचं नववर्ष, आपल्या पाडव्याच्या आसपास येतं. त्या दिवशी रस्त्यावर माणूस नाही, दिवे मंद, विमानतळसुद्धा पूर्ण चोवीस तास बंद. शिवाय माणशी व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि २०२४ पासून पर्यटक करापोटी दीड लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, रुपिया फार हलका आहे. पण पंचावन्न जणांचा हिशोब केला की जाणवतो.

मालदीवला व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथं पोचल्यावर मिळतो. पण तिथल्या कस्टम्सच्या मनाई यादीत पूजेच्या मूर्ती आहेत. गणपती बॅगेत घालून निघालात आणि विमानतळावर अडवलं तर काय करणार? रिसॉर्टवाले लग्नं लावतात, मात्र ती बहुधा हौसेपुरती.

मॉरिशसची मला स्वतःला फार ओढ. तिथं मराठी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. पण फेब्रुवारी म्हणजे तिथं ऐन चक्रीवादळांचा मोसम. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो आणि खोल्या इतक्या कमी की तुमचं वऱ्हाड एका बेटावर मावणार नाही.

परदेशी पॅकेज घेतलंच तर वर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतलेला कर, कापतात. तो पुढं आयकरात वळता होतो, पण आधी पैसे हातातून जातात. आणि नवरीचे दागिने परदेशी नेताना निघायच्या विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात दाखला करून घ्या, नाहीतर परत येताना स्वतःच्याच साजाचा आणि तोड्यांचा खुलासा करत बसाल.

घाटावरची_मावशी
साज कशाला न्यायचा बाई समुद्रावर. तुशी आणि मंगळसूत्र पुष्कळ झालं.

हॅवलॉक_रिटर्न
अंदमानबद्दल मी सांगतो. भाच्याचं लग्न हॅवलॉकला झालं, धावपळ सगळी माझ्याकडं होती. हॅवलॉकचं सरकारी नाव आता स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर कुठलंही दिसलं तरी गोंधळू नका.

फेब्रुवारी हवामानाला उत्तम, समुद्र शांत. पासपोर्ट नको, आधार चालतं. पण वाट लांब. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बेंगळूर, तिथं रात्र, पहाटेच्या विमानानं पोर्ट ब्लेअर, मग बोटीनं दीड-दोन तास. विमान दुपारी उतरलं तर शेवटची बोट गेलेली असते आणि आणखी एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी लागते. दहा किंवा जास्त माणसं असली की विमान कंपनीच्या ग्रुप डेस्ककडूनच तिकिटं घ्या. नावं नंतर देता येतात, आणि आपल्याकडं नावं शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलतातच.

आता खरी गोम. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. फेब्रुवारीच्या मध्यावर बेळगावात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तिथं साडेपाचच्या आत. आमच्या भटजींनी इथल्या पंचांगावरून गोरज मुहूर्त काढून दिला होता. नशीब, माझ्या मेव्हण्याला शंका आली. नाहीतर अंतरपाट काळोखात धरला असता. मुहूर्त तिथल्या अक्षांश-रेखांशावर काढून घ्या, ही माझी पहिली विनंती.

दुसरं, फोटोत दिसतो तो सूर्यास्त राधानगर किनाऱ्यावरचा, बेटाच्या पश्चिमेला. बहुतेक रिसॉर्ट पूर्वेला, विजयनगर-गोविंदनगरच्या बाजूला. तिथं समुद्रातून सूर्य उगवतो, मावळत नाही. त्याच बाजूला ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की नुसते खडक आणि चिखल दिसतो. रिसॉर्टवाल्याला तारीख सांगून भरती-ओहोटीची वेळ विचारायची, आणि पौर्णिमा-अमावास्येला फरक जास्त असतो हे लक्षात ठेवायचं. राधानगर सार्वजनिक किनारा आहे, तिथं मांडव घालून होम पेटवायच्या भरीस पडू नका. रिसॉर्टच्या आवारात करा, आणि होमाला अग्नी चालेल असं त्यांच्याकडून लेखी घ्या.

म्हाताऱ्या माणसांना सेल्युलर जेल दाखवायला विसरू नका. सावरकर तिथं १९११ पासून दहा वर्षं होते, आणि १९५० साली आपल्या बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगातही होते. आमचे अण्णा तिथल्या गाईडला हे सांगत बसले, बोट चुकता चुकता राहिली.

पिनकोड_५९०००६
खर्चाचंही सांगा की.

हॅवलॉक_रिटर्न
विमान, बोट आणि वाटेतली रात्र मिळून माणशी पंचवीस-तीस हजार सहज धरा. पंचावन्न माणसं म्हणजे पंधरा लाख प्रवासातच संपले. वीस लाखांत वीस-पंचवीस माणसं नेता येतील, पंचावन्न नाही.

शहापूरची_लेक
हे वाचून नवऱ्या मुलाचा चेहरा उतरलाय. 😄 सासऱ्यांना पंचवीसची यादी करायला सांगितली तर तिथंच लग्न मोडेल.

घाटावरची_मावशी
मोडत नाही ग, रुसतील दोन दिवस. तुझ्या आईचा प्रश्न मात्र मला पटतो, आणि त्याला उपाय आहे. घरी देवक बसवा, कुलदेवतेला नारळ ठेवा, गोंधळ घालायचा असेल तर तोही घरीच. हळद मात्र तिथं पोचल्यावर लावा. मग हळद लागून शीव ओलांडायचा प्रश्नच उरत नाही. माझ्या नणंदेच्या लेकीचं असंच केलं, कुणी ब्र काढला नाही.

विमानानं जाणार असाल तर ओटीच्या सामानाचं ऐका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, सामानातसुद्धा नाही, तेलामुळं पेट घेण्याची भीती म्हणे. काड्यापेटीही काढून घेतात. नारळ अंदमानात पायलीला पन्नास, इथून न्यायची गरज नाही. कुंदा डब्यात घट्ट बसवून न्या, राहतो. मांडे नेऊ नका. एवढे निगुतीनं करायचे आणि तिथं चुरा वाटायचा!

निपाणीकर_बापू
सासरकडच्यांची बाजू मी मांडतो, कारण आम्ही निपाणीची माणसं जेवणावळीला मुकत नाही. लग्नाला पंचवीस न्या नाहीतर साठ, पण निपाणीत मंगल कार्यालय घेऊन एक दिवस पांढरा-तांबडा होऊ द्या. त्याची तारीख लग्नाआधी जाहीर करा, म्हणजे बेटावर न बोलावलेले नाराज होत नाहीत. आणि माघ पौर्णिमा टाळा. त्या दिवशी, म्हणजे भारत हुण्णिमेला, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची जत्रा असते, त्या आठवड्यात ना ट्रॅक्स मिळते ना क्रूझर, निम्मे पाहुणे परड्या भरायला गेलेले असतात.

चोर्ला_रायडर
आता माझं ऐका. बेटच पाहिजे ना? समुद्रापलीकडचंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? दिवाडी बघा. गोव्यात, मांडवी नदीतलं बेट. जुन्या गोव्यातून किंवा रायबंदरातून फेरीबोट, पाच-दहा मिनिटांत पलीकडं. माड, भरतीचं पाणी बांधानं अडवून केलेली खाजण शेती, जुनी पोर्तुगीज वळणाची घरं, आणि पणजी जवळ असूनही गडबड नाही. आजीला व्हीलचेअरसकट गाडीत बसवून गाडीच बोटीवर चढवता येते. अंदमानच्या बोटीला धक्क्यावरून चढउतार करावी लागते, तिथं गुडघ्यांचे हाल होतील.

बेळगावहून जांबोटी, चोर्ला करून तीन-चार तास. फेब्रुवारीत घाट कोरडा असतो, पण रस्त्याची अवस्था निघण्याआधी कुणाला तरी विचारा, तो रस्ता दरवर्षी नवा आणि दरवर्षी खराब. निपाणीकडची मंडळी संकेश्वर, आजरा, आंबोली करून सावंतवाडीमार्गे येऊ शकतात, चोर्ल्याचा वळसा नको. टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं आणि विमानाची तिकिटं यांची बरोबरी करूच नका.

आणि एक गोष्ट, जी ऐकून तुमचे सासरे स्वतः पुढं होतील. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं, देव नदीपलीकडं नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्यालाही फेरी आहे. अक्षता बेटावर, आणि दुसऱ्या दिवशी जोडीनं सप्तकोटेश्वराचं दर्शन. असं लग्न बालीत लावून दाखवा.

हॅवलॉक_रिटर्न
दिवाडीला समुद्र नाही पण. वाळू नाही, निळं पाणी नाही. तिला ते हवंय ना?

चोर्ला_रायडर
खरं आहे. वाळू पाहिजे असेल तर दिवाडी नाही, तिथं नदी आणि चिखलाचा काठ. पण गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न म्हणजे परवानग्या आल्या. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांकडं तर फिरकूच नका, फेब्रुवारीत तिथं अंडी घालायला कासवं येतात.

तालुका_कोर्ट
कायद्याचं थोडक्यात, कारण कुणी विचारलं नाही आणि नंतर सगळे विचारतात. लग्न कुठंही लावा, सप्तपदी नीट करा. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ प्रमाणे सप्तपदी असेल तिथं सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह ठरत नाही. म्हणून ड्रोनवाल्याच्या घाईपायी फेरे उरकू नका. भटजी, साक्षीदार, पत्रिका, फेऱ्यांचे फोटो जपून ठेवा आणि नोंदणी कर्नाटकातच, आपल्या उपनोंदणी कार्यालयात करा. गोव्यातली विवाह नोंदणी पोर्तुगीज काळापासूनच्या वेगळ्या दिवाणी कायद्यावर चालते, त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

आधी इथं रजिस्टर लग्न करायचं असेल तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधी तीस दिवस राहिलेला असावा लागतो. तुम्ही दोघं बेंगळुरात राहता, तेव्हा नोटीस कुठं द्यायची ते आधी ठरवा.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही घरं बसली. सप्तकोटेश्वराचं नाव निघाल्यावर सासऱ्यांनी दुसरं काही ऐकलंच नाही. आजीनं विचारलं, बोटीत गाडीतून उतरायला लागणार नाही ना, तेवढंच. आई हळदीवर शांत आहे, मावशीचं नाव सांगितलं. नवरा मुलगा मात्र निळ्या पाण्यावर अडून होता. त्याला म्हटलं, लग्नानंतर आपण दोघंच हॅवलॉकला जाऊ, पंचावन्न तिकिटांऐवजी दोन. तो वळला.

रविवारी बाबा आणि सासरे दिवाडीला जागा बघायला निघालेत. काय काय विचारून यायला सांगू?

चोर्ला_रायडर
फेरी रात्री किती वाजेपर्यंत असते ते बोटीवरच्या माणसाला विचारा, जागेच्या मालकाला नको. तो म्हणेल मिळते हो. मांडववाल्याचा ट्रक बोटीवर चढतो का आणि रांगेत किती वेळ जातो, तेही धक्क्यावर उभं राहून बघा. बेटावर पंचावन्न जणांच्या खोल्या एका जागी मिळणार नाहीत, म्हणून नवरा-नवरीकडची जवळची माणसं बेटावर आणि बाकीची पणजीत, असं धरून चाला. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर बंद, तो नियम तिथं पाळायला लावतात, म्हणून वरात संध्याकाळीच काढा. जनरेटर कुणाचा, डिझेल कुणाचं, हे कागदावर घ्या.

घाटावरची_मावशी
आणि स्वयंपाकघर बघून या म्हणावं. आचारी बेळगावचाच न्या. तिकडची माणसं भाजीत नारळ एवढा घालतात की निपाणीकर पहिल्याच पंगतीला कुरकुरतील. डास फार असतात संध्याकाळी, आजीच्या खुर्चीखाली कॉईल लावायला एका पोराला बसव.

निपाणीकर_बापू
आम्ही कुरकुरत नाही मावशी, तांबडा रस्सा मागतो फक्त.