अन्ननलिकेचं ऑपरेशन रोबोटिक करावं की दुर्बिणीतून? सल्ला हवाय

निशिगंध:
बाबांना अन्ननलिकेच्या खालच्या भागात कॅन्सर आहे, केमो-रेडिएशन संपत आलंय, पुढे ऑपरेशन करून अन्ननलिका काढायचीय. एक डॉक्टर रोबोटिकच करा म्हणतात, दुसरे म्हणतात साध्या दुर्बिणीनेही तितकंच चांगलं होतं. घरात सगळ्यांची झोप उडालीय. कुणाला अनुभव आहे का?

ओंकार_७:
आधी बाबांना एक सांगा, रोबोट आपला आपण काहीच कापत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे शेजारच्या कंट्रोलच्या टेबलावर, बसून हात चालवतात तशी ती हत्यारं हलतात. माझ्या आईला हीच धास्ती होती, डॉक्टरांनी कन्सोलचा फोटो दाखवला तेव्हा ती जरा निवांत झाली. फायदा म्हणजे हत्यारं मनगटासारखी वळतात आणि आतलं मोठं थ्रीडी दिसतं, त्यामुळे श्वासनलिका न् हृदयाच्या मागच्या चिंचोळ्या जागेत, आवाजाच्या नसेला लागून असलेल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढायला सोपं जातं.

मीरा_आयसीयू:
मी छातीच्या सर्जरीच्या पेशंटसोबत काम करते म्हणून स्पष्टच लिहिते. २०१९ साली नेदरलँड्समधल्या ११२ पेशंटच्या अभ्यासात गुंतागुंत ओपनमध्ये ८० टक्के लोकांना झाली, रोबोटिकमध्ये ५९, पण ही तुलना छाती उघडून केलेल्या ऑपरेशनशी होती, दुर्बिणीशी नाही. २०२२ च्या चीनमधल्या अभ्यासात दुर्बीण आणि रोबोट समोरासमोर होते, त्यात रोबोटला वेळ कमी लागला पण गुंतागुंत जवळपास सारखीच. म्हणून मशीनवर अडून बसू नका. हे ऑपरेशन तुमची टीम वर्षाला किती करते, जोड गळ्यात देणार की छातीत, आणि जोड लीक झाला तर रात्री-अपरात्री एंडोस्कोपी, सीटी करणारं कोणी हजर असतं का, हे विचारा. लीक ही या ऑपरेशनची खरी भीती आहे, ताप आला, नाडी वाढली तर लगेच बघावं लागतं.

निशिगंध:
जोड म्हणजे कशाला काय जोडतात?

मीरा_आयसीयू:
जठराचीच लांब नळी करून वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. जठराच्या तोंडाची झडप जाते म्हणून नंतर आडवं झोपलं की अन्न-आम्ल वर येतं, डोक्याकडची बाजू उंच ठेवूनच झोपायचं, तेही कायमचं. बाबा तंबाखू-सिगरेट घेत असतील तर आजच बंद करायला लावा, ऑपरेशनच्या वेळी बराच वेळ एकाच फुफ्फुसावर श्वास चालू ठेवतात. आणि तो बॉलवाला स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून बॉल वर उचलायचं फुफ्फुसाच्या व्यायामाचं साधन, आत्तापासून ओढायला द्या.

ओंकार_७:
+१. आणि वजन उतरणार, घाबरू नका. पोटात थोडंथोडं, दिवसातून सहा-सात वेळा जायला हवं. आईला गोड खाल्लं की दरदरून घाम फुटून धडधडायचं, डाएटिशियननी गोड कमी करून जेवताना पाणी बंद केलं तेव्हा ते आटोक्यात आलं. फीडिंग ट्यूब (पातळ अन्न थेट आतड्यात देण्याची नळी) लावून घरी पाठवलं तर ती कशी धुवायची ते डिस्चार्जच्या आधी नर्सकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, नुसतं बघून जमत नाही.

निशिगंध:
दोघांचेही खूप आभार. उद्या बाबांची अपॉइंटमेंट आहे, मीराताईंचे तिन्ही प्रश्न वहीत लिहून घेतलेत. जे होईल ते इथे टाकते.