पाकळीचा ल, देठाचा श: कंपन्यांवर सक्ती हवी का?

बोरूबहाद्दर:
भाच्याच्या लग्नाच्या खर्चाची यादी फोनवर टाइप केली: ‘आचार्यांना पाच हजार’. मेहुणा म्हणाला, “गुरुजी किती बोलावलेत?” पैसे स्वयंपाकवाल्यांचे होते. ‘आचाऱ्यांना’मधला ऱ्य कीबोर्डवर सापडता सापडेना.

हे हसण्यावारी नेऊ, पण राज्याने 6 नोव्हेंबर 2009ला लिपी-वर्णमालेचं प्रमाणीकरण केलं, 10 नोव्हेंबर 2022ला ते अद्ययावत केलं. पाकळीचा ल, देठाचा श हे आपलं वळण. तरी परदेशी कंपन्यांच्या फोनवर दोन्ही हिंदी वळणाचे दिसतात. महाराष्ट्रात फोन विकायचा तर आपलं प्रमाण पाळा, असा कायदाच करा.

कोपऱ्यातला:
बहाद्दर, फोनची भाषा कुठली ठेवलीय? युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणारं जागतिक मानक, त्यात ल एकच; वळण फाँट ठरवतो. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे हे त्याला कळलं की आपलं उमटतं. आणि हे परदेशी कंपन्यांनी लादलं असं तुम्ही सुचवता, ते तर अजिबात पटत नाही. युनिकोडची देवनागरी भारताच्याच 1988च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकी मानकावर बेतलेली आहे. ऱ इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर शिफ्ट-जेला आहे. दाबा की!

सूचीवाली:
दोघंही अक्षराच्या रूपातच अडकलात. मी वाचनालयाची सूची करते. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली 2008मध्ये, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र द्यायचे, अजूनही देतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. आमच्याकडे एकीने ‘ॲनिमल’ नव्या पद्धतीने भरलं, दुसरीने जुन्या; वाचक शोधतो तेव्हा निम्मी पुस्तकं गायब. अशा ठिकाणी सक्ती हवी, आणि ती आधी सरकारी नोंदींवर. ल कसाही दिसला तरी पुस्तक सापडतं.

तापीकाठचा:
प्रमाण प्रमाण काय लावलंय? 1962ला शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, 1972ला आणखी चार. आमच्या आजीच्या अहिराणीला त्यात कुठे जागा होती? आधी राज्याने एका बोलीला प्रमाण ठरवलं, आता तेच कंपन्यांकडून वदवून घ्यायचं.

सूचीवाली:
तापीकाठचे, अहिराणी शब्दसुद्धा शोधल्यावर सापडायला हवाच ना? त्यातल्या अक्षरांनाही सांकेतांक, म्हणजे संगणकातला क्रमांक, एकच लागेल. बोलीचा आणि सांकेतांकाचा वाद एकत्र कालवू नका.

तापीकाठचा:
सांकेतांकाचं मान्य. ल-शचं नाही.

बोरूबहाद्दर:
कोपऱ्यातले, फोनची भाषा इंग्रजी होती, कबूल. मराठी केली, मेनूतला ल सुधारला. बँकेच्या ॲपमध्ये मात्र ढिम्म; तिथे फाँट त्यांचा स्वतःचा. मदत-क्रमांकावर फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, ल दिसतोय ना? मग अडचण काय आहे?”