साळुंक्या मारल्या, कुरा वाचवला. बरोबर केलं का?

निळावंती_रान (धागाकर्ती)

आमच्या गॅलरीत एसीच्या मागे साळुंक्यांनी घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत दुरुस्ती नाही असं मेस्त्रीला सांगून टाकलं. आणि नेमकं त्याच दिवशी वाचण्यात आलं ते पॅसिफिकमधल्या कुक बेटांपैकी अतिउ या बेटाचं. तिथे हीच साळुंकी २००९ पासून विष, पिंजरे आणि बंदुका लावून संपवली. २०१६च्या सुमारास शेवटच्या उरल्यासुरल्या गेल्या. मेलेल्यांचा आकडा हजारांत.

कारण कुरा. हिरवी पाठ, लालभडक पोट असलेला हा चिमुकला पोपट. त्याची लाल पिसं सरदारांच्या शिरपेचात लागायची, त्या हौसेपायी कुक बेटांवरून तो पार नाहीसा झाला. फ्रेंच पॉलिनेशियातल्या रिमातारावर मात्र तिथल्या राणीने त्याला मारायला बंदी घातली होती, म्हणून तिथे टिकला. २००७ मध्ये तिथून २७ कुरा विमानाने अतिउला आणले. झाडावर चढून अंडी-पिल्लं खाणारा जहाजी काळा उंदीर अतिउवर नाही, म्हणून ते बेट निवडलं. पण साळुंक्या होत्या, आणि त्या कुराच्या घरट्यांना आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना छळू लागल्या.

माझं मत: केलं ते बरोबर. कोणाला पटत नसेल तर सांगा.

काजळमाया

मला नाही पटत. साळुंकी काही पॅसिफिक ओलांडून उडत गेली नव्हती. नारळावरच्या काडीकिड्याचा बंदोबस्त व्हावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनीच तिला तिथे सोडलं. कुरा संपवला तोही माणसांनीच, पिसांसाठी. दोन्ही गुन्हे आपले आणि फाशी पक्ष्याला!

शिवाय हजारेक वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून आलेला छोटा उंदीर अजून अतिउवर आहेच. तो चालतो, साळुंकी नाही. मग घड्याळ कुठल्या साली थांबवायचं ते तरी ठरवा.

भरती_ओहोटी

साल कशाला ठरवायचं? कोणाचं काय जाणार एवढं बघा. अतिउवरची शेवटची साळुंकी मेली तरी तुमच्याआमच्या तारेवर आहेतच की. कुराला मात्र रिमातारा आणि किरिबाती या देशातली दोन-तीन बेटं सोडली तर जगात दुसरं घर नाही.

आणि एक गोष्ट आपल्याला झोंबणारी आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर आगंतुक जीवांची एक प्रसिद्ध यादी आहे. तीत पक्षी तीनच. त्यातले दोन आपल्याकडचे, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. तिसरी युरोपातली स्टार्लिंग. ताहिती बेटावरचा काळा मोनार्क हा छोटा पक्षी १९९८ मध्ये जेमतेम डझनभर उरला होता, आणि त्याच्या घरट्यांना त्रास देणाऱ्यांत हे आपले दोघे आहेत. आपल्याकडे बुलबुलावर कविता होतात, तिकडे त्याला हाकलायला माणसं नेमतात.

काजळमाया

यादीने माझं समाधान होत नाही. 'एकाला मारा म्हणजे दुसरा वाचेल' ही खात्री मला खुपते. फिजीमध्ये उसातले उंदीर खातील म्हणून १८८३ मध्ये आपल्याकडचं मुंगूस नेलं. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं! मग ते जमिनीवरच्या पक्ष्यांवर तुटून पडलं. आणि पिटकेर्न गटातल्या हेंडरसन बेटावर २०११ मध्ये हेलिकॉप्टरने विषाच्या गोळ्या टाकल्या, तरी मूठभर उंदीर वाचले आणि बेट पुन्हा भरलं. मध्ये पाणकोंबडीच्या कुळातले, न उडणारे तिथले पक्षी मेले ते वेगळेच.

गणित_कच्चं

हेंडरसनचं अर्धंच सांगितलंत. असं होणार हे माहीत होतं, म्हणून शंभरावर पक्षी आधीच पकडून सुरक्षित ठेवले होते, आणि काही वर्षांत त्यांची संख्या सावरली. फसलं हे खरंच. पण त्याच २०११ साली पॅसिफिकमधल्याच पाल्मिरा बेटावरून उंदीर पूर्ण गेले. देशी झाडांची रोपं उगवायला लागली आणि एका जातीचा डासही नाहीसा झाला. उंदीर संपल्यावर त्याला रक्त मिळेना.

मुंगसाचा दाखला तर तुमच्याच विरुद्ध जातो हो. तिथे परका प्राणी आणून सोडला, इथे परका काढला.

अतिउवर साळुंक्या लवकरच विषाच्या आमिषाला ओळखायला लागल्या म्हणे. हुशार जात! शेवटच्या काहींसाठी बंदूकच चालवावी लागली.

पाकोळी_वेंगुर्ला

थोडं अवांतर. अतिउवर कोपेका नावाची पाकोळी आहे, जगात फक्त तिथेच. गुहेच्या काळोखात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या बेटांवरच्या गुहांमधली पाकोळी हेच करते. कुराच्या भांडणात हिला कोणी विचारत नाही म्हणून लिहिलं. चालू द्या.

ऑकलंडचा_बंड्या

इथे ऑकलंडमध्ये साळुंक्या पैशाला पासरी. कुक बेटांमधल्याच रारोटोंगाला गेलो तर विमानतळाबाहेरही त्याच. काकेरोरी नावाचा छोटा पक्षी तिथे १९८९ मध्ये २९ उरला होता. उंदरांना विष घालून तो वाचवला. पुढे त्या जागेचा कारभार तिथल्या जमीनमालक कुळांनी हातात घेतला. २००१ पासून त्यातले काही पक्षी अतिउलाही नेले.

काजळमाया, तुमचा मुद्दा मनाला लागतो, पण त्या मोहिमेत अतिउचे गावकरी स्वतः होते. फळं टोचून टाकणाऱ्या साळुंकीचा त्यांना कंटाळाच होता. पुण्यात बसून त्यांना दया शिकवायची का?

काजळमाया

पुण्यात नाही, साताऱ्यात. गावकऱ्यांचा हक्क मान्य. 'नाइलाज होता' म्हणा, मी गप्प बसते. 'बरोबर' म्हणू नका.

निळावंती_रान

शब्द बदलायला तयार आहे. बंदूक हातात दिली असती तर मला चालवता आली नसती, हेही खरं. पण एक सांगा, रारोटोंगावर अजून एवढ्या साळुंक्या आहेत, तर त्या परत अतिउला येणार नाहीत?

ऑकलंडचा_बंड्या

उडत येणं कठीण, मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर समुद्र आहे. पण मालवाहू बोटी जातात ना. बोटीवर बसून फुकटात आली एखादी जोडी, तर धक्क्यावरच कोणाच्या तरी नजरेला पडायला हवी.