लंडनची ट्यूब, सोबत आई

कोथरूडकर: जूनमध्ये आठवडाभर लंडन. आईचे गुडघे दुखतात. ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, झेपेल का? तिकिटं आधीच काढू?

हॅरोकर: तिकिटं कशाला? बँकेचं कार्ड टेकवून आत, तेच टेकवून बाहेर. दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते. फक्त दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत.

कॉव्हेंट गार्डन स्टेशनला जिन्याच्या वाटेला जाऊ नका, 193 पायऱ्या! मी हौसेने चढलो आणि वर येऊन भिंतीला टेकलो. लिफ्ट आहे हो तिथे. बेकर स्ट्रीटचे 5 आणि 6 नंबरचे फलाट मात्र चुकवू नका. 1863 चे. विटांची कमान, आणि वाफेच्या इंजिनांच्या काळातले तिरके झरोके अजून दिसतात.

कोथरूडकर: बसायला बाक?

हॅरोकर: आहेत की, कोनाड्यांत. आईंना तिथे बसवा, तुम्ही फोटो काढा.