बदकांची शिकार शिकायची असेल तर सुरुवात सार्वजनिक नदीवरच करावी का?

काठावरचा

इथे मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या मराठी मंडळींत शिकारीचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, "आपल्याला नाही जमायचं ते." दुसरा, "त्याला स्वतःची जमीन लागते, होडी लागते, शिकवलेला कुत्रा लागतो." पहिलं ज्याचं त्यानं ठरवावं. दुसरं मात्र खरं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

वरच्या मिसिसिपीवर वबाशापासून रॉक आयलंडपर्यंत २६१ मैल लांबीचं राष्ट्रीय अभयारण्य आहे, १९२४ सालचं. काही पट्टे पक्ष्यांसाठी राखून ठेवलेत, ते नकाशावर पाहून घ्यावेत. बाकी बऱ्याच भागात हंगामात शिकार करता येते आणि त्यासाठी कुणा जमीनमालकाच्या हातापाया पडावं लागत नाही. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत तर होडी चालेल असं पाणी सर्वांना कायम खुलं राहील, असं लिहूनच ठेवलंय.

राज्याचा परवाना, राज्याचा पाणपक्ष्यांचा स्टॅम्प, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची नोंदणी आणि वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारचा २५ डॉलरचा 'डक स्टॅम्प', एवढं हवं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा प्रशिक्षणवर्गही करावा लागतो. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. शिशाचे छर्रे बदकांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत, पोलादी वापरतात.

माझं म्हणणं असं की पहिला हंगाम बंदुकीपेक्षा दुर्बिणीचा असावा. रोजच्या सहा बदकांच्या मर्यादेत मॅलार्ड जातीची चारच चालतात आणि त्यांत माद्या दोनच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बऱ्याच नरांच्या डोक्याला पूर्ण हिरवा रंग चढलेला नसतो. अर्धवट उजेडात पंखावरचा निळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांची पांढरी रेघ दिसली तर मॅलार्ड. शरीरालगत पांढरा चौकोन दिसला तर गॅडवॉल. हे डोळ्यांत बसेपर्यंत बार टाकूच नये, आणि हे सगळं नदीवर फुकट शिकता येतं.

चक्रवाक

पहाटे उठा, चिखलात बसा, पंखावरची रेघ ओळखा, इथपर्यंत अक्षर न् अक्षर मान्य. मग शेवटी मारायचं कशाला? इतकं बारकाईनं पाहायला शिकलेल्या माणसाला तो पक्षी पुढच्या वर्षीही पाहावासा वाटायला हवा.

आता स्टॅम्पचे पैसे पाणथळ जागांना जातात, हे कुणीतरी सांगेलच. तो स्टॅम्प मीही दरवर्षी घेते, बंदुकीला हात न लावता. आपल्या देशाचा इतिहासही विसरू नका. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि पक्षी पाहायला जगभरातून लोक येतात. नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तोही कुणी शिकारी राखतात म्हणून नव्हे.

काठावरचा

भरतपूरच्या त्या दिवशी मर्यादा नावाची गोष्टच नव्हती. इथे तीच तर सगळ्याच्या मुळाशी आहे. तिसाच्या दशकातल्या दुष्काळात तळी आटली, बदकं कमालीची घटली, तेव्हा १९३४ मध्ये हा स्टॅम्प आला. त्याच्या पैशांतून आजही पाणथळ जमीन विकत घेतली जाते. २०१९ च्या मोठ्या अभ्यासात उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे ३०० कोटी पक्षी कमी झाल्याचं दिसलं. गवताळ प्रदेशातले पक्षी तर कोसळलेच. बदकं आणि हंस मात्र वाढले. तुम्ही स्टॅम्प घेता याबद्दल मनापासून आभार, असं करणारे पक्षीनिरीक्षक अजून खूप हवेत.

चक्रवाक

बदकं वाढली ती पाणी राखल्यामुळे, छर्ऱ्यांमुळे नव्हे. पैसे कुणी दिले आणि पक्षी कुणी मारावेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही ते एकाच दावणीला बांधताय.

पहाटवारा

वादात मध्येच एक कामाची गोष्ट. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना इथे बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्यानं मना आहे. वैध शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. मित्राची "जरा धरून बघतो" म्हणूनसुद्धा आधी हातात घेऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

जुना नावाडी

मी शिकारीच्या बाजूचा आहे, पण धागाकर्त्याशी माझं पटत नाही. नवख्याला मोठ्या नदीवर पाठवू नका. मिसिसिपीत पाण्याखाली दगडी बांध आहेत, प्रवाह मधल्या खोल पात्राकडे वळवण्यासाठी घातलेले. वरून दिसतात त्या फक्त बारीक लाटा, आणि होडीचा पंखा तिथेच मोडतो. ११ नोव्हेंबर १९४० ला सकाळी हवा उबदार होती म्हणून लोक पातळ कपड्यांवर बेटांवर गेले. दुपारी हिमवादळ आलं आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. आज हवामान फोनवर दिसतं, पण पाणी तेवढंच थंड आहे. वेडर, म्हणजे छातीपर्यंतचे रबरी बूट-विजार, घालून पडलात, वर कमरपट्टा बांधलेला नसला, तर आत पाणी भरतं.

सुरुवात करायची तर मुख्य पात्र सोडून बाजूच्या उथळ फाट्यांत, चालत. लाइफ जॅकेट अंगात. सहा डिकॉय, म्हणजे पाण्यावर सोडायची खोटी बदकं, पुरे, आणि नांगराचं वजन चांगलं जड, नाहीतर तासाभरात डिकॉय दुसऱ्याच्या जागेत.

काठावरचा

बाजूचे फाटेही सार्वजनिकच आहेत की. होडी नको हे मान्य, माझाही रोख पायी जाण्यावरच होता.

चक्रवाक

मग जखमी बदकाचं काय? पायी, कुत्र्याशिवाय. ते बुडी मारतं, पाणवनस्पतींत शिरतं आणि तिथे मरतं. तुमच्या सहाच्या हिशेबात ते धरलेलं तरी असतं का?

जुना नावाडी

हा प्रश्न बरोबर आहे आणि बरेच शिकारी तो टाळतात. पाडलेला पक्षी शोधण्याचा मनापासून प्रयत्न करणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण कायदा तिथे बघायला येत नाही. पोलादी छर्रे हलके, त्यांचा जोर लवकर ओसरतो. म्हणून तीस मीटरपलीकडे बार टाकायचा नाही. पक्षी पडेल ती जागा गुडघाभर पाण्याची आणि मोकळी असेल तरच टाकायचा. माझ्याबरोबर येणाऱ्या नवख्याला मी आधी रिकाम्या हातानं त्या जागेवर चालत जाऊन यायला लावतो. जाता आलं नाही तर त्या दिशेला बंदूक उचलायची नाही. निसटलेला जखमी पक्षी मी माझ्या सहांतच धरतो. तुम्हाला एवढ्यानं समाधान होणार नाही, ते मला कळतं.

चक्रवाक

नाहीच होणार. पण हे नियम धाग्याच्या वर, परवान्याच्या आधी टाका. नवीन माणूस पहिला परिच्छेद वाचून दुकानात जातो.